कौलारू घराची गळती आणि माळ्यावरची ओल: डाग कधी ओला होतो ते आधी पाहा

प्रश्न थोडक्यात असा: राजापूरकडचं जुनं जांभ्याचं घर. मधल्या घरावर मंगळुरी कौलं, मागच्या पडवीवर आठ वर्षांपूर्वी घातलेला रंगीत पत्रा, दोन्हींच्या खाली पीव्हीसीचं सिलिंग. दोनदा कौलं परतली, कोन्यांवर (आढ्यावरच्या कौलांवर) सिमेंट मारलं, तरी माजघराच्या सिलिंगवर दर पावसाळ्यात तोच डाग. पडवीत तर जानेवारीतही पहाटे टपटप. माळ्यावर कुबट वास, वाशांवर पांढरी बुरशी. कंत्राटदार म्हणतो, कौलं काढा आणि सगळीकडे पत्रा टाका. टाकावा का?

लगेच नको. माजघरातलं पाणी, पडवीतलं पहाटेचं पाणी आणि माळ्यावरची बुरशी या तीन वेगळ्या तक्रारी आहेत. सगळीकडे पत्रा टाकलात तर पहिली कदाचित थांबेल, दुसरी माजघरातही सुरू होईल आणि तिसरी वाढेल.

गळती शोधताना माणूस डागाच्या बरोबर वर बघतो. कौलारू छपरात तो अंदाज बहुतेक वेळा चुकतो. पाणी कौलाच्या पोटाला धरून रीपेवर (कौलं टेकतात त्या आडव्या पट्टीवर) येतं, रीपेवरून वाशावर, आणि वाशाच्या उतारावरून घरंगळत गाठ, खिळा किंवा जोड भेटला की तिथे टपकतं. सिलिंगवर पडल्यावर ते पट्टीच्या खाचेतून आणखी मीटरभर सरकतं. भोक डागापासून दोन-तीन मीटर वर, आढ्याच्या अंगाला निघणं नेहमीचंच. तुमची कौलं दोनदा परतूनही डाग राहिला त्याचं हे एक कारण असू शकतं: परतणाऱ्याने डागावरचाच पट्टा नीट केला. म्हणून जागेपेक्षा वेळेवर भरवसा ठेवा. एक वही करा आणि पंधरा दिवस लिहा: पाऊस कधी लागला, वारा होता का, पहिला थेंब कधी आला, कधी थांबला.

पाऊस लागून पाच-दहा मिनिटांत थेंब आला तर वाट सरळ आहे, कौल फुटलंय किंवा घसरलंय. शांत पावसात काही नाही आणि पश्चिमेचा वारा सुटला की गळतं, तर कौलांचे बाजूचे जोड, पाख्याची (छपराच्या उतरत्या बाजूची) उघडी कड किंवा कमी उतार तपासा. तासभर कोसळल्यावरच गळायला लागलं तर पन्हळ तुंबून उलटतेय. पाऊस थांबल्यावर दोन-चार तासांनी ओल येते आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकते, याचा अर्थ भिंत पाणी पिऊन सावकाश सोडतेय. आभाळ निरभ्र असताना पहाटे थेंब पडतात ते दव. पावसाशी काहीच मेळ बसत नसेल तर टाकीचा ओव्हरफ्लो, सोलरचा जोड, भिंतीतली नळी बघा, छपराच्या नादी लागू नका.

माळ्यावर चढण्याआधी

सिलिंगमध्ये दिवे असतील तर त्या बाजूचा एमसीबी पाडा. पीव्हीसीच्या पट्टीवर दोन-तीन लिटर पाणी साठून राहतं आणि वायरीचा जोड नेमका त्यात बुडालेला असतो. पट्टीला फुगवटा आला असेल तर खाली बादली ठेवून सगळ्यात खोलगट जागी बारीक भोक पाडा, साठलेलं पाणी उतरू द्या, मगच पट्टी काढा. माळ्यावर जायला वाट नसेल तर आधी ती करा. ६० बाय ६० सेंमीचं झाकण पुरतं. ज्या सिलिंगवरून आत डोकावता येत नाही, त्याच्या वरची गळती सापडते तेव्हा वासा कुजलेला असतो.

दुपारी वर जा, टॉर्च बंद करून दहा मिनिटं थांबा. कौलांतून उजेडाचे ठिपके दिसतील. सगळे ठिपके गळत नाहीत हे लक्षात ठेवा. मंगळुरी कौलाच्या जोडातून थोडा उजेड येतोच आणि तो यावा, छप्पर तिथूनच श्वास घेतं. आडवी फट दिसते, किंवा एकाच कौलाच्या मधोमध उजेडाची रेघ दिसते, ती जागा खडूने खुणावा. मग टॉर्च तिरपी धरून वाशांच्या बाजू बघा. पाणी वाहिलेल्या वाटेवर काळपट ओघळ आणि कडेला फिकी किनार असते. तिच्या मागे वर चढत जा. ओघळ जिथे संपतो, भोक त्याच्या वीत-दीड वीत परिसरात असतं.

लाकूड ओलं आहे की नुसता पावसाळा आहे, हे बोटाने कळत नाही. दोन सुयांचा ओलावामापक मिळाला तर घ्या, पण आकडा समजून घ्या. २० टक्क्यांच्या वर लाकूड राहिलं की बुरशी धरते, असं सगळीकडे वाचायला मिळतं. कोकणात जुलैत हवेची आर्द्रता ८५ ते ९० टक्के असते, तेव्हा कोरड्या जागचं लाकूडसुद्धा १८ ते २० दाखवतं. त्यामुळे एका आकड्याला अर्थ नाही. त्याच वाशावर, ओघळापासून मीटरभर लांब दुसरं माप घ्या. इथे १९ आणि तिथे २८, तर गळती. दोन्हीकडे १९, तर हवा. मापक नसेल तर वर्तमानपत्राचे सुके तुकडे वाशांवर रांगेने चिकटवून एक सर जाऊ द्या. सगळ्यात वरचा भिजलेला तुकडा वाट सांगतो.

वाशाचं भिंतीत शिरणारं टोक सोडू नका. स्क्रूड्रायव्हरने टोचा. पाच-सहा मिलिमीटर सहज आत गेला तर लाकूड गेलंय, आणि मग वर कितीही पाणीबंद काम केलंत तरी पाखं खचून कौलं पुन्हा उघडतील. वाळवीची मातीची नळीही तिथेच दिसते, कारण तिलाही ओल लागते.

पाणी सोडून खात्री

पावसाळ्याची वाट बघायची नसेल तर नळीने पाणी सोडता येतं. घाईने केलं तर हीच चाचणी फसवते. नळीचं तोंड मोकळं ठेवा, जोराची धार मारू नका. धार उलटी मारली तर चांगलं कौलही गळेल. सुरुवात वळचणीपासून. एका पट्ट्यावर दहा-पंधरा मिनिटं, मग हातभर वर. वरून सुरू केलं तर पाणी सगळ्या जोडांवरून जातं आणि कोणता गळला ते कळत नाही. एक माणूस माळ्यावर मोबाईल घेऊन बसलेला हवा. थेंब दिसला की थांबा, तो पट्टा सुकू द्या, पुन्हा तिथेच सोडून बघा. दोनदा तिथेच गळलं तरच मान्य करा. ओल्या कौलांवर आणि शेवाळावर चढू नका. नळी धरणारा शिडीवर राहील, छपरावर नाही.

भिंतीवरच्या डागासाठी वेगळी युक्ती. साधारण ४५ सेंमी चौरस पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी टेप लावून भिंतीला चिकटवा आणि दिवसभर, निदान १६ तास, तसंच ठेवा. दमट थेंब प्लास्टिकच्या मागे जमले तर ओल भिंतीतून येतेय, खोलीच्या बाजूला जमले तर खोलीतली वाफ थंड भिंतीवर बसतेय. न्हाणीघराचा संशय असेल तर तिथल्या मोरीत नीळ कालवलेलं पाणी ओता. डाग निळा झाला तर छपराची सुटका.

दोष सहसा कुठे निघतो

तुमच्या घरात माझा पहिला संशय माजघराच्या पाख्यावर नाही. पडवीचा पत्रा जिथे मधल्या घराच्या भिंतीला टेकतो, तिथल्या सांध्यावर आहे. पत्रा टाकणारे तिथे कोपऱ्यात सिमेंटचा तिरका थर (वाटा) मारून मोकळे होतात. भिंत जांभ्याची, छप्पर लोखंडाचं; उन्हात पत्रा लांबतो, भिंत जागची हलत नाही, आणि एका उन्हाळ्यात सिमेंटला केसाएवढी भेग पडते. त्या भेगेतून गेलेलं पाणी जांभा पितो आणि दोन-चार तासांनी आतल्या बाजूला सोडतो. तुमच्या वहीत ‘पाऊस थांबल्यावर डाग वाढला’ असं दिसलं तर हेच. उपाय फ्लॅशिंगचा: पत्र्याची पट्टी भिंतीवर किमान १५ सेंमी चढवायची, तिचं वरचं टोक भिंतीत दोन-अडीच सेंमी खोल खाच मारून आत वळवायचं, खाच पॉलियुरेथेन सीलंटने भरायची, आणि पट्टीचं खालचं अंग पत्र्यावर नुसतं टेकवायचं, दोन्हीकडे जखडायचं नाही. हालचालीला वाट दिली की सांधा टिकतो.

दुसरी जागा, घराला काटकोनात फाटा असेल तर, दोन पाखी आत मिळतात तिथली पन्हळ. दोन्ही पाख्यांचं पाणी एकाच पट्टीवर येतं. पट्टी निदान ४५ सेंमी रुंद, दोन्ही कडा वर वळवलेल्या, कौलं दोन्हीकडून दहा सेंमी आत आलेली आणि मधे दहा-पंधरा सेंमी मोकळी वाट हवी. बघावं तर कौलं एकमेकांना भिडवलेली असतात, खाली आंब्या-फणसाचा पाला कुजून बसलेला असतो आणि पाणी पट्टीच्या कडेवरून आत जातं. इथे सिमेंट भरणं म्हणजे धरण बांधणं.

कोने. तुम्ही मारलेल्या सिमेंटने तिथे नुकसानच झालं असेल. आढं लाकडाचं आहे, ते पावसात फुगतं आणि उन्हात आवळतं. कडक सिमेंट त्याबरोबर हलत नाही, तडकतं, आणि तडकलेल्या मालाखाली पाणी अडकून राहतं. कोन्यांना १ भाग सिमेंट, १ भाग चुना, ६ भाग वाळू असा मऊ माल वापरा, आणि तो फक्त कोन्याच्या दोन्ही कडांखाली द्या. पोट भरू नका.

मग कौलं स्वतः. काढलेलं प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवा: चांगलं खणखणीत वाजतं, भेग असलेलं बद्द. बाहेरून न दिसणारी भेग अशी कळते. वरच्या ओळीचं कौल खालच्यावर निदान सहा सेंमी चढलेलं हवं. रीपा बदलताना अंतर वाढलं की ही चढती कमी होते आणि सगळं पाखं वाऱ्याच्या पावसात गळतं, एकही कौल फुटलेलं नसताना. याहून चकवणारा दोष बेमेळ कौलांचा. मंगळूरला बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि त्याच घाटाची कौलं पुढे कितीतरी कारखान्यांनी काढली, पण साचे तंतोतंत एक नाहीत. एका छापाच्या कौलांत दुसऱ्या छापाचं एक कौल घुसवलं की ते शेजारच्या दोघांना दोन-तीन मिलिमीटर उचलतं. कौलावरचा छाप वाचून तसंच शोधा. जुनी घरं मोडतात तिथे मिळतात.

उतार मोजायला यंत्र नको. ओळंबा आणि पाणीपातळीची नळी घ्या. आडवं एक मीटर गेल्यावर छप्पर ५८ सेंमी उतरलं तर ३० अंश, ४७ उतरलं तर २५, ३६ उतरलं तर २०. कौलांना ३० च्या आसपास बरं. जागा वाढवायला पुढे ओढलेल्या पडव्या २० वर आलेल्या असतात, आणि वीस अंशांवरची कौलं कितीही परतली तरी वाऱ्याच्या पावसात पाणी मागे चढणारच. तिथे मात्र पत्रा योग्य.

कौलं फोडणाऱ्या वानरांचं काय करायचं याला माझ्याकडे उत्तर नाही. त्याच छापाची तीस-चाळीस कौलं राखून ठेवा एवढंच.

पडवीतली जानेवारीची टपटप

हे दव आहे, जवळपास नक्की. निरभ्र, निवांत रात्री पत्रा आभाळाकडे उष्णता सोडतो आणि भोवतालच्या हवेपेक्षा तीन-चार अंश थंड होतो. हवा २० अंशांवर आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर सुमारे १७ अंशांना दव धरतं, आणि पत्रा १६ वर गेलेला असतो. चौरस मीटरला शंभर-दीडशे मिलिलिटर जमलं तरी २० चौरस मीटरच्या पत्र्यावरून दोन-तीन लिटर पाणी झालं. ढगाळ रात्री पत्रा इतका निवत नाही, म्हणून टपटपही नाही. कौलाला हा त्रास जवळजवळ होत नाही, कारण ते जाड आहे आणि पृष्ठावरचं थोडं पाणी पिऊन टाकतं.

खात्री करायची तर रात्री सिलिंगच्या पट्ट्या काढून खाली वर्तमानपत्रं पसरा. सकाळी थेंब पर्लिनच्या (पत्रा ज्यांवर टेकतो त्या आडव्या पट्ट्यांच्या) रेषांत, सगळीकडे सारखे दिसले तर दव. एकाच जागी भिजलं तर भोक. इन्फ्रारेड थर्मामीटरने पत्रा मोजणार असाल तर आधी पत्र्याच्या पोटाला काळी इन्सुलेशन टेप चिकटवा आणि टेपवर नेम धरा. चकचकीत धातूवर तो आकडा खोटा येतो.

उघड्या पडवीत नुसत्या वायुवीजनाने हे थांबत नाही, कारण पहाटेची बाहेरची हवाच दवाने भरलेली असते. हवा आणि थंड पत्रा यांची गाठ पडू द्यायची नाही, हा मार्ग. पत्र्याच्या पोटाला चिकटून बसणारा बंद पेशींचा एक्सएलपीई (पॉलिथिनचा) फोम, किमान १० मिमी, सांधे टेपने बंद करून. ग्लासवूल उघडी लावू नका. ती दव पिते आणि वजनाने लोंबते. पत्रा पुढेमागे बदलाल तेव्हा खालून फोम लावूनच आलेला घेता येतो.

पत्र्यावर आहात तोवर स्क्रू बघून घ्या. आठ वर्षांत उन्हाने रबरी वॉशर कडक होऊन चिरतात. जास्त पिळलेला स्क्रू वॉशरला बशीसारखा उलटवतो, तिरपा मारलेला एका बाजूने उघडा राहतो. नुसतं सीलंट थापू नका. जुना स्क्रू काढून एक माप जाड स्क्रू नव्या वॉशरसह मारा. पत्र्याचे बाजूचे जोडही पाहा: पश्चिमेकडचा पत्रा वर आणि पूर्वेकडचा खाली हवा, म्हणजे जोडाचं तोंड वाऱ्याकडे येत नाही. उलटं बसवलं असेल तर ब्यूटाइल टेप हा दोन-तीन वर्षांचा इलाज, खरा इलाज पत्रे काढून पुन्हा बसवणं.

माळ्यावरची बुरशी

जुन्या घरात आतल्या भिंती छपरापर्यंत जात नाहीत, माळा सगळ्या घराचा एकच असतो. पूर्वी चुलीचा धूर तिथून कौलांच्या फटींतून बाहेर जायचा आणि लाकूड सुकं ठेवायचा. आता गॅस आहे, आणि एक किलो गॅस जळताना सुमारे १.६ लिटर पाण्याची वाफ होते. त्यात भाताची वाफ, गरम पाण्याच्या आंघोळी, पावसाळ्यात घरात वाळणारे कपडे. सगळं सिलिंगच्या फटींतून वर जातं. शिवाय भिजलेली कौलं: अडीच किलोचं कौल १५ टक्के पाणी प्यायलं तर पावणेचारशे मिलिलिटर, चौरस मीटरला साधारण १५ कौलं, म्हणजे साडेपाच लिटर. ऊन पडलं की त्यातलं बरंच आतही सुटतं.

वाफ घरातली की बाहेरची, हे दोन साध्या आर्द्रतामापकांनी कळतं: एक माळ्यावर, एक बाहेर सावलीत. १०० मधून आर्द्रता वजा करा, ५ ने भागा, उत्तर तापमानातून वजा करा. हा दवबिंदूचा ठोकताळा. बाहेर २६ अंश आणि ९० टक्के, म्हणजे २४. माळ्यावर २९ अंश आणि ९० टक्के, म्हणजे २७. तीन अंशांचा फरक घरातून वर गेलेल्या वाफेचा. मापं रात्री नऊनंतर घ्या; दुपारी सुकणारी कौलं आकडा फुगवतात. दोन्ही दवबिंदू सारखे आले तर माळ्याचा दोष नाही, मोसम आहे, आणि बुरशी पुसून सप्टेंबरची वाट बघायची. पुसताना एन-९५ मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसा, सुका ब्रश मारू नका.

फरक आला तर आधी न्हाणीघराचा एक्झॉस्ट कुठे सुटतो ते बघा. तो माळ्यावरच सोडलेला असणं इतकं सर्रास आहे की पहिला प्रश्न तोच. त्याची नळी भिंतीबाहेर काढा, स्वयंपाकघराला बाहेर फेकणारा पंखा बसवा. मग माळ्याला जाळ्या. सिलिंगच्या क्षेत्रफळाचा दीडशेवा भाग मोकळा हवा: ३० चौरस मीटरला २,००० चौरस सेंमी, निम्मा वळचणीला, निम्मा दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी भिंतींत आढ्याजवळ. वटवाघळांसाठी जाळी लावाल तेव्हा भोक दीडपट करा, तारा जागा खातात, धूळ उरलेली खाते.

कौलांखाली प्लास्टिक घालायचा सल्ला कोणी देईलच. घालायचंच तर वाशांवर थोडं सैल सोडा आणि खालचं टोक पन्हळीत बाहेर काढा. भिंतीवरच संपवलंत तर अडवलेलं सगळं पाणी वाशांच्या टोकांवर जाईल.

क्रम असा ठेवा: या पावसाळ्यात वही आणि खडूच्या खुणा, दिवाळीनंतर सांध्याचं फ्लॅशिंग आणि एक्झॉस्ट, डिसेंबर-जानेवारीत पडवीची पहाटेची तपासणी आणि फोम, एप्रिलमध्ये खुणा केलेल्या जागीच कौलं आणि कोने. मृगाच्या आधी आठ दिवस नळीने एकदा पाणी सोडून बघा. तोवर टपकणाऱ्या जागी वाशाला खिळा मारून सुतळी बांधा आणि तिचं टोक बादलीत सोडा. पाणी सुतळी धरून उतरतं, सिलिंग वाचतं.